पहिलंच हत्यार घेतोय, जुनी पॉइंट बत्तीस रिव्हॉल्वर घेऊ का? (पुणे)

मार्केटयार्डवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतंच वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. गुलटेकडीला मार्केटयार्डात आपला गाळा आहे, कांदा-बटाटा. राहायला बिबवेवाडी. पहाटे साडेतीनला घरातून निघायचं आणि दुपारी रोख घेऊन परत यायचं हा वडिलांपासूनचा धंदा. गेल्या वर्षी एका पहाटे गंगाधाम रोडला दोघांनी गाडी आडवी घातली, नशिबाने मागून हमालांचा टेम्पो आला म्हणून वाचलो. त्यानंतर लायसन्सला अर्ज टाकला. आयुक्तालयाच्या किती चकरा मारल्या ते विचारू नका, साधू वासवानी चौकातला चहावाला आता मला नावाने ओळखतो. पण मागच्या महिन्यात मिळालं एकदाचं, पाच वर्षांचं, रिव्हॉल्वर/पिस्टल एनपीबी.

आता प्रश्न असा की नवीन घ्यावी का जुनी. वडिलांच्या ओळखीचे एक काका आहेत सातारा रोडला, वय ७४, त्यांच्याकडे कानपूरची पॉइंट बत्तीस आहे १९९८ ची, म्हणतात घेतल्यापासून वीस राउंड पण मारले नसतील, कपाटातच आहे. साठ हजार म्हणतायत, सोबत होल्स्टर आणि जुने राउंड फुकट. नवीनचा भाव विचारला तर डोळे पांढरे झाले, त्यात परत जीएसटी २८ चा ४० टक्के केलाय सप्टेंबर २०२५ पासून. मेहुणा म्हणतो घ्यायची तर नाइन एमएमच घे, बत्तीस म्हणजे खेळणं. मला तर काहीच कळत नाही, ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटला दहाबारा राउंड मारले तेवढाच काय तो अनुभव.

जुनी घेताना काय बघायचं? आणि कागद कसे करायचे? काका म्हणतात "तू घेऊन जा रे, कागदाचं बघू नंतर निवांत". घरी सहा वर्षांची मुलगी आहे हे पण सांगून ठेवतो.

---

नळस्टॉप

"कागदाचं बघू नंतर" हे वाक्य फ्लॅट घेताना ऐकलं तरी माणसाने चपला घालून निघावं, आणि तुम्ही रिव्हॉल्वर घेताय 😀

मेहुण्याला सांगा नाइन एमएम ही प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेलं नळीचं माप, तुमच्या आमच्या लायसन्सवर ती मिळत नाही. तुमच्यावर एनपीबी लिहिलंय म्हणजे नॉन प्रोहिबिटेड, त्यात हँडगनमध्ये मुख्यतः पॉइंट बत्तीस आणि पॉइंट बावीस. विषय संपला. मेहुणे लोक सगळ्या विषयात बोलतात.

---

ईएमई_रिटायर्ड

मी फौजेत आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा, सव्वीस वर्षं हेच केलंय, आता धानोरीला असतो. लांबलचक लिहितोय, वाचा सावकाश.

कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीची ती बत्तीस म्हणजे सहा राउंडची, वरचा खटका दाबला की नळी पुढे वाकते आणि मधून मोडल्यासारखी उघडते, जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्वरच्या घराण्यातली. दणकट आहे पण नाजूक कामाची वस्तू नाही. चाप (ट्रिगर) जड असतो, नवीन माणसाला दोन्ही हातांनी पण दहा मीटरवर ताट लागत नाही, हे आधीच सांगतो म्हणजे वस्तू खराब आहे असं नंतर वाटायला नको. २०२३ ला प्रबळ म्हणून नवीन काढली त्यात सिलिंडर, म्हणजे राउंड भरायचं फिरतं चाक, बाजूला उघडतं, ती जास्त बरी, पण तिचा भाव तुम्ही ऐकलेलाच असणार.

आता जुनी बघायची कशी. बघायची ती डीलरच्या काउंटरवर, काकांच्या दिवाणखान्यात नाही. हातात घेतली की पहिली नळी कुणाकडे नाही ते बघायचं, मग उघडायची, सिलिंडरमधली राउंडची सहाही घरं डोळ्यांनी बघायची आणि वर बोट घालून बघायची. "रिकामीच आहे हो" असं मालक म्हणाला तरी. मालक म्हणाला म्हणून तर जास्तच. मी रिकाम्या हत्याराने झालेले दोन अपघात पाहिलेत, भरलेल्याने एकही नाही.

उघडायच्या प्रकारातली असल्यामुळे पहिलं झिजतं ते बिजागर आणि वरचा खटका. बंद करून एका हातात मूठ, एका हातात नळी धरून हलकं हलवून बघा. कटकट वाजली, खेळ जाणवला तर तिथेच ठेवून द्या, साठ काय वीसला पण नको. मग घोडा (मागचा हातोडा) अंगठ्याने हळूहळू मागे ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला नुसतं टेकवून ठेवा, ब्रेक लावल्यासारखं. घोडा अडकायच्या आधी किंवा अडकताना सिलिंडर जागेवर खट्ट करून बसलं पाहिजे. असं सहाही घरांना करायचं, एकाला करून चालत नाही, पाच बरोबर आणि सहावं चुकलेलं अशी मी कितीतरी बघितलीत. घर नळीच्या समोर नीट आलं नाही तर गोळी कडेला घासून जाते आणि शिसं बाजूला उडतं, ते चालवणाऱ्याच्या हाताला किंवा शेजारच्याच्या तोंडाला. मग घोडा ताणलेला असताना मागून अंगठ्याने पुढे ढकला, चापाला हात न लावता. पडला तर त्याला अडवणारी आतली खाच झिजलीय किंवा कुणीतरी चाप हलका करायला कानस मारलीय. स्क्रूची डोकी बघा, खरवडलेली असली की समजायचं कुणीतरी घरी उघडून बसला होता.

नळीत मागून पांढरा कागद धरून उजेड पाडा आणि पुढून बघा. खड्डे दिसले तर ते गंजाचे. पण एखादी काळी गोल रिंग दिसली तर ती जास्त वाईट, म्हणजे एकदा गोळी आत अडकली असताना मागून दुसरी मारलेली आहे आणि नळी तिथे फुगलीय. बाहेरून हात फिरवला तर कधी कधी जाणवतं.

आणि काकांना एक विचारा. कपाटात ठेवलीय ती होल्स्टरमध्येच ठेवलीय का? बहुतेकांची ठेवलेली असते. चामडं ओल धरतं, पुण्याचे पंचवीस पावसाळे चामड्यात काढलेलं लोखंड बाहेरून चकचकीत दिसलं तरी आतून बघावं लागतं. कमी वापरलेली म्हणजे चांगली हे मोटारसायकललाही खरं नसतं.

---

मार्केटयार्डवाला

ईएमई काका, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून धन्यवाद. हो, होल्स्टरमध्येच आहे 😐 आणि राउंडचं काय, ते जुने चालतात का?

---

ईएमई_रिटायर्ड

राउंडच्या बुडावर केएफ लिहिलेलं असेल बघा. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली खडकीचीच, १८६९ ची. घरचा माल आहे पण पंचवीस वर्षांचा झालाय. पितळेवर हिरवट बुरशीसारखं आलं असेल, गोळीच्या कडेला पांढरं फुललं असेल तर ते बचावासाठी ठेवायचे नाहीत. रेंजवर मारताना चाप ओढला आणि वाजलंच नाही तर लगेच उघडून बघायचं नाही, नळी टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, उशिरा पेटतात कधी कधी. आणि नुसतं फुस्स झालं, धक्का लागला नाही, तर पुढचा राउंड मारायचाच नाही, गोळी नळीत असते. वर ती काळी रिंग सांगितली ना, ती अशीच तयार होते.

अजून एक, डीलरकडे "बत्तीसचे राउंड द्या" एवढंच म्हणू नका. रिव्हॉल्वरची बत्तीस वेगळी आणि पिस्टलची बत्तीस, ज्याला सेव्हन सिक्स फाइव्ह म्हणतात, ती वेगळी. रिव्हॉल्वरच्या राउंडला बुडाशी रुंद कडा असते, लांबीला पण जास्त. नाव एक म्हणून एकातलं दुसऱ्यात घालायचं नसतं.

---

कोथरूडकर

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. शंभरातल्या नव्वद लोकांना बंदुकीने काही फायदा होत नाही. पहाटे साडेतीनला बाइकवर दोघं आडवे आले तर तुम्ही स्टिअरिंगवर, रिव्हॉल्वर कमरेला, वर शर्ट, वर जर्किन, वर सीटबेल्ट. काढेपर्यंत ते येरवड्याला पोचले असतील. रोख कमी करा, आरटीजीएस करा, वेळ बदला, दोघं मिळून निघा. साठ हजारात गाडीला चार बाजूंनी कॅमेरे बसतील.

---

मार्केटयार्डवाला

दादा बरोबर आहे तुमचं, कॅमेरे बसवलेत, येता-जाता चुलतभाऊ बरोबर असतो. पण शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, रोखच लागते हो, माणूस जुन्नरहून रात्रभर ट्रकमध्ये बसून आलेला असतो, त्याला मी अकाउंट नंबर विचारत बसू का. सगळे नाही पण निम्मे तरी तसेच. असो, लायसन्स घेतलंय, घेणार तर आहेच.

---

वकील_कर्वेनगर

कोथरूडकरांचा मुद्दा मी कायद्याच्या बाजूने पुढे नेते. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून आयपीसी गेली. जीव घेण्यापर्यंतचा हक्क कधी मिळतो ते शरीरासाठी कलम ३८ मध्ये आणि मालमत्तेसाठी ४१ मध्ये, आणि त्यात जबरी चोरी येते हे खरं. पण धोका संपला की हक्क संपतो. पिशवी टाकून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी लागली तर पुढची सात वर्षं तुम्ही पट्ट्या कमी आणि आमच्या फिया जास्त भराल. आणि लग्नाच्या वरातीत हवेत एक बार, ही हौस असेल तर आत्ताच सांगते, शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. सगळ्यांनी लोखंडाचं सांगितलं, माझा एकच सवाल. काकांचं स्वतःचं लायसन्स चालू आहे का? पुस्तक हातात घेऊन शेवटचं नूतनीकरण कधीपर्यंतचं आहे ते बघा. "आहे ना लायसन्स" असं तोंडी नको. त्यावर युनिक आयडी नंबर पडलाय का तेही बघा, ऑनलाइन नोंदणी झाली तेव्हा अनेक म्हाताऱ्या मंडळींनी ते केलंच नाही. हे कळल्याशिवाय पुढचं काही सांगण्यात अर्थ नाही.

---

नळस्टॉप

हा प्रश्न पहिल्या दिवशी यायला पाहिजे होता, आपण सगळे नळीत कागद घालून बसलो.

---

मार्केटयार्डवाला

(चार दिवसांनी)

मॅडम, तुम्ही विचारलंत तेच निघालं. काकांकडे गेलो, पुस्तक काढायला अर्धा तास लागला, एलआयसीच्या पॉलिसीमध्ये होतं. शेवटचा शिक्का डिसेंबर २०२१ पर्यंतचा. कोविडमध्ये राहिलं म्हणे, मग काकूंचं ऑपरेशन झालं, मग विसरूनच गेले. काका म्हणाले "अरे मला तर वाटलं एकदा दिलं की कायमचं". आता ते पण घाबरलेत आणि मी पण. हत्यार अजून त्यांच्याच कपाटात आहे, मी हात पण लावला नाही. त्यांचा मुलगा म्हणतो गप्प बसा, कुणाला काय कळतंय, आणि आमच्या गाळ्याशेजारचा एक जण म्हणतो हे सोड, याच पैशात तुला बिनकागदाची देतो आणून, चालू मॅगझिनवाली.

---

वकील_कर्वेनगर

मुलाचं ऐकू नका आणि गाळ्याशेजारच्याचं तर अजिबात नाही.

बिनलायसन्स अग्निशस्त्र जवळ ठेवणं म्हणजे शस्त्र अधिनियम कलम २५, साध्या बोअरला दोन ते पाच वर्षं. ते चालू मॅगझिनवालं नाइन एमएमसारखं प्रोहिबिटेड निघालं तर सात ते चौदा. तुम्हाला लायसन्स आहे याने काही वाचत नाही, लायसन्स त्या नंबरच्या हत्यारावर चढलेलं असतं, तुमच्या तोंडावर नाही. उलट असलेलं लायसन्स जाईल आणि पुन्हा मिळणार नाही.

काकांचं मात्र इतकं भयानक नाही, वेळेत केलं तर. कलम २१ वाचा. लायसन्सची मुदत संपल्यामुळे ज्याचा ताबा बेकायदा झालाय त्याने विनाकारण उशीर न करता हत्यार जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सधारक डीलरकडे जमा करायचं. आणि याच कलमाचा पुढचा भाग लोकांना माहीत नसतो: मुदतीच्या आत, जमा केलेलं हत्यार, ज्याला बाळगायचा हक्क आहे अशा माणसाला विकायचा आणि पैसे घ्यायचा अधिकार जमा करणाऱ्याला असतो. म्हणजे काकांचे साठ हजार बुडत नाहीत आणि तुम्हाला हवी तर तीच रिव्हॉल्वर डीलरच्या ताब्यातून रीतसर मिळू शकते. नूतनीकरणाला उशीर का झाला याचा अर्ज, काकूंच्या ऑपरेशनचे कागद जोडून, काकांनी वेगळा द्यावा. चार वर्षांचा उशीर आहे, प्रश्न विचारतील, विचारू द्या. स्वतःहून गेलेला ७४ वर्षांचा माणूस आणि छाप्यात सापडलेला माणूस यात फरक असतो.

नेणार कोण हा महत्त्वाचा भाग. तुम्ही नाही. तुमच्या गाडीत, तुमच्या पिशवीत नाही. आधी काकांनी वकिलामार्फत किंवा स्वतः स्टेशनला लेखी कळवावं, पोच घ्यावी, आणि ते सांगतील तसं करावं, राउंड मोजून यादीसकट. होल्स्टरबरोबर राउंड "फुकट" हा प्रकार नसतो, एक एक राउंड दोघांच्या पुस्तकात चढतो-उतरतो.

---

सातारकरीण

मॅडमनी लिहिलेलं वाचून माझं सांगावंसं वाटलं. बाबा वारले तेव्हा त्यांची बाराबोअर माळ्यावर होती, लायसन्स बाबांचं. आम्ही दिवसकार्यात, नंतर आईच्या पेन्शनच्या कागदात, आठ महिने कुणाच्या डोक्यातच आलं नाही की ती बंदूक आता घरात ठेवणं चुकीचं आहे. निवडणूक लागली आणि हवालदार आला "साहेबांचं हत्यार जमा करायचंय" म्हणून, तेव्हा आईला घाम फुटला. पण ते भले होते, बसले, चहा घेतला, अर्ज कसा लिहायचा सांगितलं. भावाने वारस म्हणून नंतर लायसन्स काढलं. तेव्हा कुणी सांगितलं की बाबा जिवंत असतानाच हे करता आलं असतं, वय सत्तर झालं किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असलं की आपल्या हयातीत वारसाच्या नावे मागता येतं, २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे म्हणे. तुमच्या काकांच्या मुलाला खरं तर हे विचारा, "गप्प बसा" म्हणणारा मुलगा स्वतः लायसन्स का काढत नाही.

आणि तुमच्या मुलीसाठी सांगते. आमच्या घरी गोदरेजचं कपाट, चावी बाबांच्या जानव्याला. मी नऊ वर्षांची असताना ती चावी कुठल्या दिवशी कुठे असते मला बरोबर माहीत होतं. मुलांना सगळं माहीत असतं. चावी नको, नंबरची पेटी भिंतीत पक्की करा आणि राउंड दुसऱ्या खोलीत ठेवा.

---

मार्केटयार्डवाला

ताई जानव्याला चावी 😀 पण पटलं. मॅडम, समजा काकांनी डीलरकडे जमा केली आणि मी घ्यायची ठरवली तर मग पुढे माझ्याकडून काय काय? आणि लायसन्स चालू असलेल्या माणसाकडून घेतली असती तर?

---

वकील_कर्वेनगर

चालू लायसन्सवाल्या खाजगी माणसाकडून थेट घ्यायची तर कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस स्टेशनच्या प्रभारींना लेखी कळवायचं, कोणाला विकतोय त्याचं नाव-पत्ता देऊन, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. आज कळवलं आणि उद्या दिलं असं होत नाही. म्हणून "घेऊन जा, कागद नंतर" हे काकांचं लायसन्स चालू असतं तरी चुकीचंच होतं. पुण्यात आयुक्तालयाच्या लायसन्स शाखेतही आधी विचारून घ्या, ते काय मागतात ते त्या दिवशीच्या टेबलावर ठरतं, हे मी ऑन रेकॉर्ड म्हणणार नाही. विकणारा पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या हद्दीतला किंवा पुणे ग्रामीणचा असला तर तिकडचंही बघावं लागतं, ग्रामीणला अधिकार कलेक्टरांकडे. तुमचे काका सातारा रोडचे आणि तुम्ही बिबवेवाडीचे, दोघंही शहर, ते एक सोपं.

डीलरकडून घेताना त्याच्या रजिस्टरला नोंद, तुमच्या लायसन्सवर मेक, बोअर, नंबर, तारीख. घरी जायच्या आधी काउंटरवर उभं राहून नंबर एक एक आकडा बोट ठेवून जुळवा, हत्यारावरचा, पावतीवरचा, पुस्तकावरचा. एका आकड्याची चूक म्हणजे कागदावर तुमच्याकडे दुसऱ्याचंच हत्यार. नंबर खरवडलेला, पुन्हा ठोकलेला किंवा जाड पॉलिशखाली गेलेला वाटला तर घेऊच नका, नंबर मिटवलेलं हत्यार हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि तुमच्या लायसन्सवर हत्यार घ्यायची मुदत लिहिलेली असेल ती चुकवू नका, लागलीच तर आधीच वाढवून घ्या.

---

ईएमई_रिटायर्ड

मॅडमशी सहमत. मी गृहीतच धरलं होतं की कागद ठीक असणार, फौजेत वस्तू आली की कागद तिच्याबरोबरच येतो, ती सवय.

त्या गाळ्याशेजारच्याबद्दल. कायद्याचं मॅडमनी सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. मध्य प्रदेशातल्या उमरटीकडून असला माल येतो, पुणे पोलिसांनी २०२५ ला तिथे जाऊन भट्ट्या तोडल्या. दिसायला परदेशी पिस्टलसारखं असतं, छाप पण इंग्रजीत मारतात. आत पोलाद कुठलं, गाडीचा रॉड का पाण्याचा पाइप, ते बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. नळीला प्रूफ टेस्ट नाही, म्हणजे जास्त दाबाचा राउंड मारून कुणी तपासलेलंच नाही, पहिली तपासणी तुमच्या हातात होणार. कानपूरवाल्या हत्यारावर प्रूफचा छाप असतो तो याचसाठी.

हत्यार आलं की लगेच कमरेला लावून मार्केटात जाऊ नका. बालेवाडीला रेंज आहे, परवानगी आणि कोच बघून तिथे किंवा एखाद्या क्लबात नियमित मारा. चाळीसपन्नास राउंड नीट बघून मारल्याशिवाय तुम्हाला तुमचं हत्यार कळणार नाही. घरी रिकाम्याने सराव करायचा तर खोटे राउंड घालून, नाहीतर राउंडवर आपटणारी पिन तुटते, आणि भिंतीपलीकडे कोण झोपलंय ते आधी बघून. सराव संपला की संपला, "अजून एकदा" म्हणून पुन्हा उचलायचं नाही, अपघात त्या अजून एकदालाच होतात.

---

नळस्टॉप

नुसता नेम शिकायचा असेल तर आधी पॉइंट एकशे सत्त्याहत्तरची एअर पिस्टल घ्या, वीस जूलच्या आतली असली तर लायसन्स लागत नाही, छर्रे स्वस्त, आणि मेहुण्याला पण द्यायला बरी.

बाहेर नेताना होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेली हे विसरू नका. पेट्रोल पंपावर शर्ट वर करून दाखवणाऱ्यांची जात वेगळी, त्यांची लायसन्सं कशी जातात ते आपण पेपरात वाचतोच.

---

मार्केटयार्डवाला

(पाच आठवड्यांनी)

बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून लिहितोय. काकांना तयार करायला आठवडा गेला, शेवटी काकूंनीच दम भरला. वकील लावला, स्टेशनला लेखी दिलं, दोन चकरा झाल्या, एका साहेबांनी बरंच सुनावलं पण पंचनामा करून शेवटी डीलरकडे जमा करायला परवानगी मिळाली. राउंड मोजले तर पुस्तकात होते त्यापेक्षा एक कमी भरला, त्यावर तासभर गेला, मग काकूंच्या शिवणाच्या डब्यात सापडला. बटणांबरोबर.

परवा डीलरकडे जाऊन बघितली. ईएमई काकांनी सांगितलं तसं एकेक केलं, डीलरचा पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. बिजागर घट्ट आहे, सहाही घरं खट्ट बसतात, घोडा ढकलून पडत नाही. पण नळीत पुढच्या दीड इंचात खड्डे आहेत, बारीक पुरळ आल्यासारखे, आणि होल्स्टरची शिवण होती त्या जागी बाहेरून पण गंजाची रेघ आहे. काळी रिंग वगैरे नाही. डीलर म्हणतो याने काही बिघडत नाही, पस्तीसला बोलून टाका.

घ्यावी का काका?

---

ईएमई_रिटायर्ड

खड्डे पुढच्या तोंडाकडे असतील, मागे घराजवळ नसतील, तर धोका नाही, शिसं जास्त धरेल आणि नेम थोडा उडेल. दहा मीटरच्या कामाला फरक पडत नाही. दर वेळी मारून आल्यावर त्याच दिवशी साफ करावी लागेल, उद्यावर टाकलंत तर खड्डे वाढत जातील. तेवढी शिस्त असेल तर पस्तीसला वाईट नाही. घ्यायच्या आधी डीलरला रेंजवर दहाबारा राउंड, नवीन राउंड, मारून दाखवायला सांगा, रिकाम्या केसेस (मागे राहणारी पितळी टरफलं) हातात घेऊन बघा, फुगलेल्या किंवा चिरलेल्या आहेत का, आणि पिनेची खूण सगळ्यांवर मधोमध आहे का. खूण कडेला सरकलेली दिसली तर परत द्या.

होल्स्टर मात्र काकांनाच राहू द्या.

---

मार्केटयार्डवाला

शनिवारचं ठरलंय रेंजचं. केसेसचे फोटो टाकतो.